मांडवा ते रत्नागिरी: सहा दिवस, पाच बोटी

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज कोकणात सायकल घेऊन निघालात की पहिल्याच दिवशी मोडतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात समुद्र गाठतात आणि जाताना जांभ्याचा सडा, म्हणजे माथ्यावरचं खडकाळ पठार, चिरत जातात. रस्ता सड्यावरून खाडीपाशी उतरतो, पलीकडे जातो आणि पुन्हा सड्यावर चढतो. शंभर-दीडशे मीटरची ही चढउतार दिवसातून तीन-चारदा वाट्याला येते. पूल नसलेल्या मोठ्या खाड्यांवर बोट आहे. जुनी माणसं तिला अजून ‘तर’ म्हणतात.

या खाड्यांमुळेच ही वाट मिळून करण्याजोगी आहे. आठ जणांचा गट असेल तर चढावर आठ सायकली आठ ठिकाणी असतात, आणि तसंच असावं. दुसऱ्याच्या वेगाने चढू पाहणारा लवकर दमतो. धक्क्यावर मात्र सगळ्यांना थांबावंच लागतं. आधी पोचलेल्याला सावलीत पाय पसरायला मिळतात, मागच्याला आपल्यामुळे कुणी खोळंबलं असं वाटत नाही, आणि बोट सुटते तेव्हा सगळे एकाच कठड्याला टेकलेले असतात. घाटावरच्या सपाट रस्त्यांवर गट एकत्र ठेवायला नियम करावे लागतात. इथे ते काम खाडी करते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी वारा पडलेला किंवा जमिनीकडून हलका असतो. अकरानंतर समुद्रावरचा खारा वारा उठतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. रत्नागिरीकडे जाणाऱ्याला तो पाठीवर किंवा उजव्या खांद्यावर मिळतो. उलट दिशेने हाच प्रवास केला तर रोज दुपारी समोरून वारा खावा लागतो आणि मनातले साठ किलोमीटर पायांना ऐंशी होतात. एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

निघण्याआधी गिअर मोजा. समोर ३४ दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला २८ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी नऊ किलोमीटर. माणूस, सायकल, सामान मिळून नव्वद किलो वजन दहा टक्क्यांच्या चढावर या वेगाने न्यायला सव्वादोनशे वॅटच्या वर जोर लागतो. नेहमीच्या सायकलवाल्याला तो पाच मिनिटं जमेल, वीस मिनिटं नाही. मागे ३४ दातांची चक्री टाकली की तेवढ्याच फेऱ्यांत वेग साडेसातवर येतो आणि जोर दोनशेच्या आत राहतो. गुडघा वाचतो तो इथेच. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बदलताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चक्री पेलतो का ते बघून घ्या. लहान पिंजऱ्याचा डिरेलर तिथे चेन ताणून धरतो.

चेनही मोजा. नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिलिमीटर, म्हणजे नेमक्या १२ इंच भरतात. ३०६.५ च्या पुढे गेल्या असतील तर चेन घरीच बदला. झिजलेली चेन जोराच्या चढावर दातांवरून उडी मारते, आणि ती उडी नेहमी पेडलवर उभं असतानाच बसते.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे. ३५ च्या टायरला पंच्याहत्तर किलोच्या माणसाने मागे ६०, पुढे ५० पीएसआय हवा ठेवावी. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल, तर मोटरसायकलच्या पंपाला जोडायची पितळी टोपी प्रत्येकाच्या खिशात हवी. गावोगावच्या पंक्चरवाल्यांकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची असते. टोपी दहा-वीस रुपयांची, आणि ती नसली तर हवा समोर असून भरता येत नाही.

हत्यारं वाटून घ्या. दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप प्रत्येकाजवळ. चेन तोडायचं हत्यार, चेनच्या जोडकड्या, स्पोक-चावी, कॅसेट काढायचा पाना, गिअर आणि ब्रेकची एकेक तार, तुटलेल्या टायरला आतून लावायचा जुन्या टायरचा चार इंची तुकडा, हे गटात एकेकच. मात्र ते सगळं एकाच पिशवीत नको आणि सगळ्यात पुढे असणाऱ्याकडे तर नकोच. मोडतोड मागे होते तेव्हा हत्यारं सड्याच्या पलीकडे उतरलेली असतात. शेवटी राहणाऱ्याने ती बाळगावी आणि त्या बदल्यात त्याचे कपडे इतरांनी वाटून घ्यावेत.

पहिला दिवस: मांडवा ते मुरुड, सुमारे ७० किमी

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास. सायकल गाड्यांच्या डेकवर ठेवायची. सकाळची पहिली बोट धरली तर आठ-साडेआठला चाकं रस्त्याला लागतात.

मांडवा ते अलिबाग वीस किलोमीटर. शनिवार-रविवारी हा पट्टा सायकलसाठी वाईट आहे, म्हणून निघायचा वार शक्यतो सोमवार ते बुधवार ठेवा. अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पुढचा रस्ता माडा-पोफळींच्या वाड्यांमधून जातो. सावली भरपूर, रुंदी कमी. इथे जोडीने चालवू नये. एकामागे एक, दोघांमध्ये दोन सायकलींचं अंतर, आणि पुढच्याने तोंडाने सांगत राहावं: ‘खड्डा’, ‘समोरून एसटी’, ‘गतिरोधक’. रंग न दिलेले गतिरोधक झाडांच्या सावलीत अजिबात दिसत नाहीत, त्यामुळे शेवटची आरोळी सगळ्यात मोलाची. मागच्याने तीच पुढे द्यायची. आठवा माणूस ती पहिल्याकडून ऐकू शकत नाही.

चौलजवळ थोडं थांबा. हे बंदर किती जुनं आहे हे समजण्यासाठी एवढं पुरे की अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात इथे उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव. इथे अवजड गाड्या असतात, पुलावर सगळ्यांनी सलग आणि डाव्या कडेला. पुढे कोर्लई. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगीज व मराठी मिसळून झालेली बोली आजही घराघरात बोलतात.

काशीदच्या वाळूवर सायकल उतरवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ओल्या कडक वाळूवर ती सुरेख चालतेही. पण चाकाने उडवलेलं खारं पाणी हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरतं, आत मीठ राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. चार दिवसांनी पेडलमधून कुरकुर येते ती याचीच. सायकल सुरूच्या झाडाखाली ठेवा आणि पाण्यात पायांनी जा. वाळूवर चालवलीच, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याची बादली वरून हळू ओता. नळीचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका, त्याने वाळू आत ढकलली जाते.

काशीद ते नांदगाव आणि नांदगाव ते मुरुड असे दोन चढ. डाव्या हाताला फणसाडचं जंगल. दुसऱ्या चढाच्या माथ्यावरून मुरुडचा अर्धगोल किनारा आणि नवाबाचा वाडा एकदम समोर येतो. उतार तिथेच सुरू होतो, म्हणून बघायचं ते थांबून बघा.

मुक्कामी पोचल्यावर आंघोळीच्या आधी चेन. फडकं चेनभोवती धरून पेडल उलटं फिरवा, काळं येणं कमी होईपर्यंत. मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब. साधारण ११० कड्या असतात, तीन मिनिटं लागतात. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरचं तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्या. बाहेर राहिलेलं तेल काही वंगण करत नाही, फक्त धूळ धरतं. ज्या घरात उतरता तिथे खोबरेल तेल हमखास मिळतं, पण ते चेनला घालू नका. २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि पौषातल्या पहाटे चेन चिकट होते. आठ जण अंगणात ओळीने बसून एकाच बाटलीतून आपापल्या चेनला तेल घालतात, तेव्हा कुणाची सायकल काय बोलते आहे ते इतरांना आपोआप कळतं. सैल झालेला कॅरिअरचा बोल्ट बहुतेक वेळा शेजारच्यालाच दिसतो.

दुसरा दिवस: मुरुड ते हरिहरेश्वर, सुमारे ६५ किमी

मुरुडहून आठ किलोमीटरवर आगरदांडा. इथून दिघीला गाड्या नेणारी बोट जाते. खाडी राजपुरीची. जंजिरा किल्ला हिच्याच तोंडाशी आहे. बोटीच्या वेळा बदलत असतात, आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा. एक बोट चुकली तर तासाभराचं ऊन वाढतं.

बोटीत सायकल कशी न्यायची हे एकदा नीट शिकून घ्यावं, पुढे तीनदा तेच करायचं आहे. मोटारी आणि मोटरसायकली आधी चढू द्या. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लांब उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. तिथे सायकलवरून उतरा, ब्रेक हलके धरून चालत जा. बुटाखाली क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी, असेल तर अनवाणी चालणं बरं. बोटीच्या पत्र्याच्या झडपेवर आडव्या पट्ट्या असतात. अरुंद टायर त्यांच्याशी काटकोनात न्या. आत डेकवर डिझेल सांडलेलं असतं. डिस्क ब्रेकच्या चकतीला त्याचा स्पर्श झाला की पॅड तेल पितात आणि उतारावर ब्रेक फक्त किंचाळतो. सायकली कठड्याला टेकवा, एकात एक अडकवू नका. आडवी ठेवायची वेळ आली तर चेनची बाजू वर. खाली राहिली तर डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो, आणि वाकलेला हँगर चढावर सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलरला थेट स्पोकमध्ये नेतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो आणि किनाऱ्यावरच्या एकाही दुकानात मिळत नाही. आपापल्या सायकलचा एक जास्तीचा सोबत असू द्या.

दिघीहून लगेच चढ. मग बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना आतला रस्ता घेऊ नका, आरावी-शेखाडीचा किनाऱ्याचा घ्या. या सहा दिवसांत समुद्राला इतका लागून दुसरा रस्ता नाही. मधूनमधून चढ येतात, पण छोटे. डोंगर डावीकडे, खडक आणि फेस उजवीकडे, गाड्या तुरळक. जोडीने चालवत गप्पा मारायच्या असतील तर हेच वीस-बावीस किलोमीटर. गट इथे मुद्दाम मिसळून घ्यावा: सगळ्यात वेगवानाने सगळ्यात सावकाश चालवणाऱ्याच्या शेजारी यावं आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने जावं. एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येतं तोवर वेग बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की कमी करा.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. अंगणात वाळत घातलेली सुपारी रस्त्याच्या कडेपर्यंत येते, चाक त्यावरून जाऊ देऊ नका. श्रीवर्धन ते हरिहरेश्वर एकोणीस किलोमीटर, मध्ये एक दमाचा चढ.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणाने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ ढोबळ असते आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकते. उद्याच्या धक्क्यावर शेवाळ उघडं असेल की पाण्याखाली, हेही याच हिशेबाने आज रात्री कळतं.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते मुरुड-दापोली, सुमारे ६२ किमी

आकडा लहान, दिवस मोठा. सकाळी साडेसहाला निघा. बागमांडला अगदी जवळ, तिथून वेसवीची बोट. ही सावित्रीची खाडी: अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. पलीकडे उतरून बाणकोटच्या बाजूने गेलं की वेळास, समुद्री कासवांसाठी ओळखलं जाणारं गाव. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुमारास समुद्रात सोडतात. त्या काळात आलात तर एक दिवस वाढवा. एरवी सरळ केळशीकडे.

वेसवीहून रस्ता सड्यावर चढतो आणि बराच वेळ वरच राहतो. पावसाळ्यानंतर इथलं गवत सोनेरी होतं, झाड क्वचितच. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाका. चढावर पूर्ण जोर असताना टाकलेला गिअर चेन वाकवतो, कधी तोडतो. बसूनच चढा. उभं राहिलात तर मागचं चाक लाल बजरीवर घसरतं, शिवाय पाठीमागच्या पिशव्या सायकल डोलवतात. वळणावर आतली कड सगळ्यात तिरकी असते. गाडी येत नसेल तर मधून वळा. दम लागला तर उतरून चाला. चालत चढलेला आणि बसून चढलेला यांच्यात वर पोचेपर्यंत दहा मिनिटांचाही फरक पडत नाही, आणि ती दहा मिनिटं पहिल्याला हवीच असतात.

माथ्यावर शेवटचा येईपर्यंत थांबायचं. आणि तो आल्या आल्या निघायचं नाही. ही चूक चांगले गटही करतात: पुढचे पंधरा मिनिटं विसावलेले असतात, मागचा पोचतो आणि सगळे पेडलवर पाय ठेवतात. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. शेवटचा पाणी पिऊन, श्वास बसवून ‘चला’ म्हणेल तेव्हा निघा. सहा दिवस टिकलेल्या गटाला काही सांभाळता आलं असेल तर ते हेच.

भारजा नदी मांदिवलीच्या पुलावरून ओलांडून केळशी. गावातल्या वाड्यांमधली गल्ली एवढी अरुंद की समोरून बैलगाडी आली तर सायकल कुंपणाला लावावी लागते. महालक्ष्मीच्या देवळाजवळ पाणी भरून घ्या. पुढे उटंबरचा चढ, मग आडे, पाडले, आंजर्ले. या पट्ट्यात उतार फार येतात आणि प्रत्येकाच्या तळाशी साकव किंवा काटकोनात वळण आहे. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन सेकंद जोरात, मग सोडून द्या, पुन्हा दोन सेकंद. सतत घासला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, आणि डिस्कचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड सोडतात. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको, कारण तिथेच बजरी साचलेली असते. उतारावर दोघांमध्ये तीस मीटर अंतर ठेवा. रिमच्या ब्रेकचे शू संध्याकाळी बघा. रबरावरच्या खाचा पुसल्या असतील तर बदला. लाल माती त्यांना कानशीसारखी खाते.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती खरोखरच कड्यावर आहे. तिथून सुवर्णदुर्ग, हर्णै बंदर आणि जोग नदीचं मुख एका नजरेत येतं. पूल ओलांडून हर्णै. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असतो, आणि टेंपोंतून सांडणाऱ्या बर्फाच्या, माशांच्या पाण्याने रस्ता बुळबुळीत झालेला असतो. पावसात चालवावी तशी इथे चालवा. मुक्काम मुरुडला, पण हे दापोलीजवळचं, पहिल्या दिवशीचं नव्हे. महर्षी कर्व्यांचं हे गाव. जेवणाचं दुपारीच फोन करून सांगा. आठ भुकेल्या माणसांचा भात कोणत्याही घरात आयत्या वेळी तयार नसतो.

चौथा दिवस: मुरुड ते गुहागर, सुमारे ५५ किमी

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. सकाळचा वेळ सोपा जातो, दाभोळच्या आधी चढउतार वाढतात. बंदरात उतरताना घरं रस्त्याला खेटून आहेत, मुलं खेळत असतात, वेग चालण्याएवढाच ठेवा. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे. तिथून चढ, मग गुहागरपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर. दुपारी एकच्या आत पोचता येतं आणि पोचावं. पायांना अर्धा दिवस सुट्टी मिळते, गुहागरचा लांबच लांब किनारा चालायला मिळतो.

मागच्या चाकाचा स्पोक तुटतो तो साधारण याच दिवशी, बहुतेक चेनच्या बाजूचा. चाक त्या बाजूला कमी फुगीर असल्याने तिकडच्या स्पोकवर ताण सगळ्यात जास्त असतो, आणि सगळं सामान मागेच लादलेलं असतं. तुटलेला तुकडा शेजारच्याभोवती गुंडाळा. विरुद्ध बाजूचे लगतचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, म्हणजे रिमची लहर कमी होईल. रिमचे ब्रेक असतील तर मागचा थोडा मोकळा करा. मागच्या पिशव्या दोन-तीन जणांनी वाटून घ्या. मुक्कामी कॅसेट काढून नवा स्पोक घालता येतो, म्हणून योग्य लांबीचे दोन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवायचे.

पाचवा दिवस: गुहागर ते गणपतीपुळे, सुमारे ६० किमी

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, तवसाळ. वेळणेश्वर आणि हेदवी दोन्ही तळाशी आहेत. देवळात जायचं तर उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं. दोन्ही करायची ताकद नसेल तर हेदवीचा दशभुज गणपती निवडा, रस्ता तसाही गावातून जातो.

सडा उघडा आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि नुसतं पाणी पुरत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे साधं प्रमाण. कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ टाकू नका, आगळ मिठातलंच असतं. दोन चमचे आगळ, साखर तेवढीच. दुपारी एक ते चार गावातली दुकानं बंद असतात, तेव्हा बारालाच बाटल्या भरून घ्या. रोख पैसे सुट्टे ठेवा, सड्याच्या पोटातल्या गावांत मोबाइलला रेंज येत-जात असते.

पंक्चरबद्दल इथे सांगतो, कारण पुढे बंदराच्या ट्रकांचा रस्ता आहे आणि फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा कडेला पडलेल्या असतात. टायर बसवताना त्याचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणा. ट्यूबमध्ये भोक कुठे आहे ते कळलं की टायरमध्ये तार कुठे आहे ते लगेच सापडतं. टायर आतून बोटाने चाचपू नका, फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे तार. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत पुन्हा खाली उतरायचं. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तार नाही, हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेने ट्यूब चिमटली. पॅच लावताना पॉलिश पेपरने जागा खरवडा, सोल्युशन पातळ पसरा आणि पाच मिनिटं खरंच थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सरकतो. रस्त्याच्या कडेला मात्र ट्यूब बदलायची, पॅचचं काम संध्याकाळचं. एकाने चाक काढावं, दुसऱ्याने टायर तपासावा, तिसऱ्याने नवी ट्यूब थोडी फुगवून तयार ठेवावी. बाकीच्यांनी सावलीत जावं. सहा जणांनी वाकून बघण्याने चाक लवकर बसत नाही.

तवसाळहून जयगडची बोट, शास्त्री नदीची खाडी, या प्रवासातली शेवटची. धक्क्याला सावली कमी, वारा चांगला. पलीकडे चढून गेल्यावर ट्रकांचा रस्ता लवकरात लवकर सोडा आणि मालगुंडकडे वळा. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. गणपतीपुळे तिथून हाकेच्या अंतरावर.

सहावा दिवस: गणपतीपुळे ते रत्नागिरी स्टेशन, सुमारे ३२ किमी

नेवरे, आरे, वारे. सूर्य डोंगराच्या वर यायच्या आत आरे-वारेच्या माथ्यावर असावं. खाली सुरूच्या बनाच्या दोन बाजूंना दोन किनारे, आणि रस्ता त्यांच्या वरून जातो. त्यानंतर शहराची रहदारी सुरू होते. स्टेशन गावापासून सहा-सात किलोमीटर बाहेर, चढावर आहे. ते अंतर वेळेत धरा.

कोकण रेल्वेने सायकल दोन तऱ्हांनी परत आणता येते. सामानाच्या डब्यातून न्यायची तर दोन तास आधी पार्सल कार्यालयात जा, प्रवासाचं तिकीट दाखवा, हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर नाव, कुठून, कुठे हे जाड पेनने लिहा. दिवे, मीटर, बाटल्या, पंप काढून घ्या. सगळ्याच गाड्यांच्या सामानाच्या डब्यात आठ सायकलींना जागा नसते, म्हणून गट दोन गाड्यांत वाटायची तयारी ठेवा. दुसरी तऱ्हा पिशवीची: दोन्ही चाकं काढून फ्रेमला बांधा, हँडल आडवं वळवा, पेडलं काढा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडलं सुटतात. हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला. वाटेत कुणी ब्रेक दाबला तर पॅड मिटून बसतात आणि घरी चाक आत जात नाही.

गटातलं कुणी इथून पुढे जाणार असेल, भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड करत मालवणकडे, तर उरलेल्या ट्यूबा, पॅच, चेनचं तेल आणि आगळाची बाटली त्यांच्या पिशव्यांत भरा. स्पोक-चावीही द्या.